चार तास दहा मिनिटं

४ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज कागदावर पेनाने एक नळी काढली, मधोमध तिला टेंगूळ काढलं आणि म्हणाल्या, "हे तुमच्या आईच्या पोटात आहे." शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा तिला फुगवटा आलाय. दुखत नाही, खुपत नाही. पण फुटली, तर हॉस्पिटलपर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही. ऑपरेशन पंधरवड्याच्या आत झालं पाहिजे, त्यातही धोका आहेच, पण न करण्यात जास्त आहे. मी लगेच हो म्हटलं. आणि जिच्या पोटात हे सगळं चाललंय ती माझी आई शांतपणे म्हणाली, "मुलगा आल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

टॅक्सीत मी तिला विचारलं, तो काय सर्जन आहे का? येऊन काय टाके घालणार आहे? तर म्हणे, "काही करायचं नाही त्याने. आत जाताना दोघं समोर दिसली पाहिजेत."

"आणि मी एकटी दिसते ती?"

"तू रोजच दिसतेस."

हे वाक्य मी इथे लिहून ठेवतेय. पोटात ठेवलं तर मलाही टेंगूळ येईल. नाहीतरी ही डायरी मी त्यासाठीच घेतली. मला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि आईबद्दल जे बोलायचं ते आईला सांगता येत नाही.

दादाचं शहर इथून चार तास दहा मिनिटांवर आहे, सरळ विमानाने. मला हे कुणाला विचारावं लागत नाही. माझी निम्मी हयात तिकिटांच्या काउंटरवर गेली. आशियातली कुठलीही दोन शहरं सांगा, मी जेवता जेवता अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगेन. ऑफिसच्या भिंतीवर मोठा नकाशा आहे. त्यावर त्याचं शहर आणि आमचं शहर यांच्यात माझी एक वीत बसते, अंगठा इथे नि करंगळी तिथे. ती वीत दादाला दोन वर्षांत ओलांडता आलेली नाही. आधी कामं होती, मग बदली होती, मग आणखी कामं होती.

दुपारी फोन केला. वहिनींनी उचलला. "ते झोपलेत," म्हणाल्या. भर दुपारी, कामाच्या दिवशी. मी म्हटलं, उठले की सांगा, इकडे तुमच्या सासूबाई मरायला टेकल्यात. वहिनींनी नाक ओढलं. मग म्हणाल्या, "सांगते." आवाज जरा भरून आल्यासारखा वाटला. सर्दी असेल.

५ मार्च, मंगळवार

ऑफिसात गेल्या गेल्या पहिलं काम केलं. उद्याच्या विमानात दादाच्या नावाने सीट होल्डवर टाकली. खिडकीची. त्याला लहानपणापासून खिडकीच लागते, त्यासाठी माझ्या वेण्या ओढायचा. आमच्यात होल्डची सीट संध्याकाळपर्यंत टिकते. तोवर गिऱ्हाइकाने हो म्हटलं नाही, तर आपोआप सुटते. त्याला लिहिलं, 'सीट धरली आहे. फक्त हो म्हण.'

दुपारी उत्तर आलं, तेही लिहून नाही, बोलून. दोन अक्षरं टाइप करणंसुद्धा महाराजांच्या जिवावर येतं. "बघतो गं. थोडी थांब."

बघतो. आमच्या काउंटरवर 'बघतो' म्हणून गेलेला माणूस कधी परत आलेला मी पाहिला नाही. संध्याकाळी सीट सुटली.

आईने विचारलं, काय म्हणाला? मी जसंच्या तसं सांगितलं, वर माझ्या पदरचं थोडं घालून. आई म्हणाली, "बघतो म्हणाला ना, मग बघेल." तिचा लेक म्हणजे सोन्याचा, आणि मी घरची कोंबडी.

७ मार्च, गुरुवार

सीट धरली. सीट सुटली. कालही तेच. शेजारच्या काउंटरवरचा सहकारी आता माझ्याकडे न बघता हसू दाबतो. त्याला मी मूगराव म्हणते, कारण तो कायम मूग गिळून बसलेला असतो. दिवसाला चार वाक्यं बोलतो आणि त्यातली दोन 'पुढचे या' अशी असतात.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. आधी त्याच्या घराचं छत दिसलं, मग फरशी, मग दादाच्या डोक्याचा शेंडा. त्याला टक्कल पडायला लागलंय हे मला आज कळलं, कारण सगळा वेळ त्याने आम्हाला तेवढंच दाखवलं. मी म्हटलं, "तोंड वर कर, आई समोर बसलीय."

"मान धरलीय गं."

"धरलीय तर वाकवून कशाला बसलायस?"

"अशीच बरी वाटते."

मांडीवर दुसरा फोन असणार, दुसरं काय. आईचं ऑपरेशन इकडे आणि ह्याचं लक्ष मांडीवर. मी ते तिथेच बोलले. वहिनी मागून म्हणाल्या, "वन्सं, तसं नाहीये." मी म्हटलं, मग कसंय ते सांगा. तर दोघांनी विषयच बदलला.

आईने एकदाही पडद्याकडे पाहिलं नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. हा तिचा जुना रोग. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, निवृत्त होईपर्यंत. एका कानाला हे गाव, दुसऱ्या कानाला ते गाव, आणि मध्ये ही. लोकांची लग्नं जमलेली, मोडलेली, कुणी गेल्याचे निरोप, सगळं तिच्या कानातून गेलं. घरी येऊन एक शब्द बोलली नाही कधी. मी लहानपणी विचारून विचारून थकायचे, आज काय ऐकलंस? ती म्हणायची, वायरीची खरखर.

फोन ठेवल्यावर म्हणाली, "आवाज खाली पडतोय त्याचा. पालथं झोपून बोलल्यासारखा."

मी म्हटलं, लोळत असेल. त्याला काय धाड भरलीय.

८ मार्च, शुक्रवार

आज काउंटरवर एक नमुना आला. नवरा-बायको. बायको मान खाली घालून, मोठा काळा गॉगल लावून, मनगटावर हिरवी पट्टी बांधलेली. नवरा म्हणाला, तिकिटाची तारीख दोन महिने पुढे ढकला, हिला विमानात बसायला डॉक्टरांनी मनाई केलीय. म्हटलं, काय झालंय? तर म्हणे डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. तो चिकटवायला ऑपरेशन करून डोळ्यात गॅस भरलाय. विमान वर गेलं की हवा विरळ होते, गॅस फुगतो, आणि डोळाच कायमचा जातो. गॅस आपोआप जिरेपर्यंत विमान नाही, की डोंगरावर जाणं नाही.

मी म्हटलं, "पोटात गॅस होतो हे ऐकलं होतं. डोळ्यात पहिल्यांदाच ऐकतेय."

त्यांना हसू आलं नाही. मूगराव उठला, माझ्यापुढचा कागद उचलून घेतला आणि त्यांची तारीख बदलून दिली. ते गेल्यावर मला म्हणाला, "खरं आहे ते." झालं, आजच्या चारपैकी एक वाक्य माझ्यावर खर्च.

मला मात्र दिवसभर हाच विचार, की लोकांना विमानात न बसायला डोळ्यात गॅस भरावा लागतो आणि आमच्या दादाला तेवढंही कारण लागत नाही.

घरी आईला हा किस्सा रंगवून सांगितला. म्हटलं जरा हसेल. हसली नाही. म्हणाली, "मग त्या बाई झोपतात कशा?"

"पालथ्या. पहिले काही दिवस तर जेवणंसुद्धा मान खाली घालून, नवरा सांगत होता."

"आणि हा पडदा सुटतो कशाने?"

म्हटलं, मला काय माहीत, मी तिकिटं विकते. आईने ताट तसंच सारलं. मी पुन्हा गरम करून देते म्हटलं तरी नको म्हणाली. आता हिने जेवणही सोडलं तर मी कुणाकुणाशी भांडायचं?

१० मार्च, रविवार

आज दादाचा फोन आपणहून आला. मी तो घेऊन गॅलरीत गेले, म्हणजे मनासारखं बोलता येईल.

तो म्हणाला, "भोंग्या, तुला एक सांगायचंय. पण तुझ्या तोंडात तीळ भिजेल का?"

भोंगा हे माझं त्याने ठेवलेलं नाव. दादा शाळेत नापास झाला तेव्हा तो जिना चढून वर येईपर्यंत सगळ्या बिल्डिंगला निकाल माहीत होता, त्यावरून. चाळीस वर्षं झाली त्याला. आणि आज, या घडीला, त्याला माझ्या तोंडातला तीळ आठवतो. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "माझ्या तोंडाचं राहू दे. तुझे पाय कुठायत ते सांग. इथे आईच्या पोटात कधी काय फुटेल सांगता येत नाही, मी रात्री तिचा श्वास मोजत बसते, आणि तू मला गुपितं सांगायला फोन करतोस? काय असेल ते इथे येऊन सांग. चार तास दहा मिनिटं लागतात. मी तुला दाढी करायला याहून जास्त वेळ घेताना पाहिलंय."

त्याने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "बरं. राहू दे. मी येतो. पण विमानाचं धरू नकोस, माझं मी बघतो."

"विमानाचं धरू नको म्हणजे? पोहत येणार आहेस?"

तर हसला. मी इथे जळतेय आणि तो हसला. म्हणाला, "आईला दे."

आईने फोन कानाला लावला, डोळे मिटले. किती तरी वेळ नुसती ऐकत होती. तो काय बोलत होता देव जाणे. आणि एवढं ऐकून तिने विचारलं काय, तर, "कुठल्या कुशीवर झोपतोस रे?" पलीकडून काही तरी उत्तर आलं. आई म्हणाली, "बरं. तसाच झोप." मग मला पाणी आणायला पिटाळलं, आणि मी येईपर्यंत आणखी काही तरी बोलून फोन मला परत दिला.

मग म्हणाली, "तारीख घे. मी तयार आहे."

"आणि तो?"

"त्याला यायची गरज नाही. मी सांगितलं तसं."

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आठवडाभर माझा जीव टांगणीला लावला. सोमवारपासून मी जनावरासारखी राबतेय, डॉक्टरीणबाईंसमोर माझी मान खाली जातेय, रोज त्याच्या नावाने सीट धरतेय. आणि लेकाने फोनवर काय कुजबूज केली कोण जाणे, बाई एका मिनिटात विरघळल्या. त्याला यायचा त्रास नको म्हणून आपली अट मागे. त्याच्यासाठी सगळं मागे. माझ्यासाठी तिने आयुष्यात कुठली अट मागे घेतली?

डॉक्टरीणबाईंना फोन केला. अठरा तारीख, सकाळी.

११ मार्च, सोमवार

आज सीट धरली नाही. बोट सवयीने त्या बटणाकडे दोनदा गेलं. नाही धरली.

१३ मार्च, बुधवार

वहिनींना फोन केला, ऑपरेशनची तारीख सांगायला. त्या म्हणाल्या, "ते गावाला गेलेत."

"कामाला?"

"हो. म्हणजे, हो."

"फोन लागत नाही त्याचा."

"मध्ये मध्ये रेंज नसते म्हणाले."

म्हणजे आईला बघायला सवड नाही, पण गावाला जायला आहे. मी वहिनींना बरंच काही बोलले. त्या ऐकून घेत होत्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "वन्सं, मी नको नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही." घरातल्या बाईचंही ऐकत नाही, तर माझं काय ऐकणार.

आणि मग संध्याकाळी खरा तमाशा. दादाचा व्हिडिओ कॉल. जेमतेम अर्धा मिनिट. मागे समुद्र, निळाशार, रेलिंग दिसत होतं. वाऱ्याने केस उडताहेत, डोळ्यावर गॉगल, आणि हातात समुद्रकिनाऱ्यावरची मोठी हॉटेलं पाहुण्यांना बांधतात तसली पट्टी. "आई कशी आहे?" एवढं विचारलं आणि चित्र थिजलं. मग फोन गेला.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं आणि स्वयंपाकघरापर्यंत जाईतो सांगून टाकलं. सगळं. समुद्र, गॉगल, पट्टी. म्हटलं, तुझा लेक मजा मारतोय बघ, गळ्यात फुलांची माळ तेवढी राहिली होती.

आई म्हणाली, "मागे आवाज कसला होता?"

"कसला आवाज? समुद्राचा."

"समुद्राचा कसा असेल? यंत्राचा असेल. घरघर होती का एकसारखी?"

होती खरी. पण मी म्हटलं, मला नाही ऐकू आली. तिच्या तालावर मी किती नाचू?

१४ मार्च, गुरुवार

आज आई विचित्र वागतेय. सकाळी मला म्हणाली, "तुझ्या त्या नकाशात बघून ये. विमानं नव्हती तेव्हा लोक दादाच्या गावाहून इकडे कसे यायचे?"

म्हटलं, यायचेच नाहीत. आताही येत नाहीत.

पण ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नकाशापुढे उभी राहिले. चीड आली की मला काही तरी मोजायला लागतं. सरळ रेघ म्हणजे एक वीत. जमिनीवरून मात्र मध्ये डोंगरांची अख्खी रांग आडवी. डोंगरातून घाट आहे, त्याने तीनेक दिवसांत येता येतं. घाट टाळून खालून यायचं म्हटलं, तर आधी रेल्वेने किनाऱ्यापर्यंत, मग बोट, मग बस, हद्दीवर पासपोर्टाच्या रांगा, पुन्हा दुसरी बस. बोट वेळेवर मिळाली तर पाच-सहा दिवस. मी बोटाने ती वाट धरत गेले, तर माझ्या चार विती झाल्या. कोण शहाणा असा येईल?

आईला सांगितलं. तिने विचारलं, "त्या खालच्या वाटेला चढ कुठेच नाही ना? नक्की?"

"नाही. सगळी सपाटी आणि पाणी."

"मग बरं," म्हणाली, आणि आज दोन दिवसांनी नीट जेवली. ऑपरेशनच्या भीतीने तिचं डोकं जरा सरकलंय असं मला वाटायला लागलंय. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

१६ मार्च, शनिवार

उद्या आईला भरती करायचं. तिची पिशवी भरली. पिशवी भरताना रडू आलं, आणि रडताना राग आला, की हे रडणंसुद्धा माझ्या एकटीच्या वाट्याला. उद्या कागदावर सही माझी. परवा बाहेर बाकावर मी. आत काही वाकडं झालं तर ते ऐकणारी मी, आणि तिकडे फोन करून सांगणारीही मीच, की बाबा रे, समुद्र आवडला का?

मूगरावने आज स्वतःहून विचारलं, "भाऊ येतायत का?" मी म्हटलं, बोटीवर हवा खातोय तो. मूगरावने हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "बोटीवर? त्यांना विमान चालत नाही का?" म्हटलं, आळशी माणसाला काहीच चालत नाही. तो पुढे काही तरी बोलणार होता, तोंड उघडलं होतं त्याने. मी म्हटलं, पुढचे या.

१७ मार्च, रविवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

आईला दुपारी हॉस्पिटलात दाखल केलं. तिचा चष्मा घरीच राहिला म्हणून मी परत आले. दिवस मावळला नव्हता. कुलूप काढतेय तर जिन्यात पावलं. कठडा धरून, एकेक पायरी चाचपत कोणी तरी येतंय. वळणावर आधी डोक्याचा शेंडा दिसला.

दादा. दाढी वाढलेली, कपड्यांना बसचा वास, पाय सुजून बुटांबाहेर आलेले, मान खाली.

मी काय केलं? आनंदाने मिठी वगैरे मारली असं लिहिता आलं असतं. मी ओरडले. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले. आलास का? समुद्र संपला का? आईला टेबलावर न्यायला उद्याची सकाळ उरली आणि महाराज आज उगवतायत, आणि वर मान करून बघायचीसुद्धा लाज वाटतेय ना? वाटलीच पाहिजे. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, मी त्यांनाही सांगितलं, हा बघा माझा भाऊ, चार तास दहा मिनिटांवर राहतो.

तो कठड्याला टेकून ऐकत होता. माझा श्वास संपल्यावर म्हणाला, "भोंग्या, जरा पाणी देशील का?"

पाण्याचा पेला घ्यायला त्याने हात पुढे केला, तर पेल्याच्या शेजारी हवेतच. मी पेला त्याच्या हातात धरवला. तेव्हा ती पट्टी जवळून दिसली. हिरवी. त्यावर बारीक अक्षरं. मी काउंटरवर बसणारी बाई, बारीक अक्षरं वाचणं माझा धंदा. 'डोळ्यात गॅस आहे. विमानप्रवास नाही. उंचावर नेऊ नये.'

मी पायरीवर बसले.

आईचा फुगवटा कळायच्या पाच दिवस आधी त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डावा लहानपणापासूनच अधू, म्हणजे जो गेला तो कामाचा. घाटानेही येता येईना, म्हणून खालच्या वाटेने आला, अर्धवट दिसणाऱ्या एका डोळ्याने, बोर्ड लोकांकडून वाचून घेत. सहा दिवस. वहिनी सोबत यायला निघाल्या होत्या, पण त्यांना रजा मिळेना. डॉक्टर नको म्हणाले होते. "धक्का लागला तर?" मी विचारलं. "लागला नाही ना," म्हणाला. विमान आमच्या डोक्यावरून रोज जातं, तो म्हणाला, बोटीवरून दिसायचं, म्हणजे आवाज यायचा.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला सांगायचं म्हणजे आईला सांगायचं. तिला कळलं असतं तर तिने ऑपरेशनच करून घेतलं नसतं. म्हणाली असती, आधी त्याचा डोळा बरा होऊ दे. तुला ठाऊक नाही ती?"

ठाऊक आहे. आणि मीही ठाऊक आहे मला. तरी राग गेला नाही. चिडून म्हटलं, "मला एकदा सांगून तर बघायचंस."

"रविवारी बघितलं," तो म्हणाला.

मी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, कारण त्याला वाकता येत होतं पण गाठ दिसत नव्हती. शपथ घातली त्याने, आईचं ऑपरेशन होऊन ती घरी येईपर्यंत तिला एक अक्षर नाही. म्हटलं, नाही. तो हसला. म्हणाला, बघू.

१८ मार्च, सोमवार

सकाळी आईला आत न्यायच्या आधी आम्ही दोघं तिच्या पलंगाशी उभे होतो. दादाने पट्टीवरून लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गॉगलवरून अंगठा फिरवला. मी पटकन म्हटलं, "बसमध्ये धूळ गेली त्याच्या डोळ्यात. लाल झालाय, म्हणून गॉगल." खोटं इतकं सरळ बाहेर पडलं की मीच चकित. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "धूळ वाईटच. चोळू नकोस म्हणावं."

मग तिने माझाही चेहरा हातात धरला. हे मी लिहिणार नव्हते. पण धरला.

बाकावर दादा मान खाली घालून बसला होता आणि मी मान वर करून. मध्येच तो म्हणाला, "भोंग्या, बोल काही तरी. तू गप्प बसलीस की भीती वाटते." मग मी त्याला शिव्या दिल्या. दुपार कलंडेपर्यंत देत होते, कमी आवाजात, नर्स बघतात म्हणून. त्याने बदली झाल्याचं तिसऱ्याच माणसाकडून कळवलं होतं ते काढलं, वेण्या काढल्या, डोक्याचा शेंडा काढला. तो म्हणायचा, हं, पुढे.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढली, म्हणाल्या, "फुगवटा काढला. नळी बसवली. आता ठीक आहे." दादाने विचारलं, "नक्की?" आणि त्यांच्या उजव्या बाजूच्या भिंतीकडे बघून हात जोडले. मी त्याचे खांदे धरून त्याला सरळ त्यांच्याकडे वळवलं.

२० मार्च, बुधवार

आज आईला साध्या खोलीत हलवलं. दादा बाहेर औषधांच्या रांगेत होता, म्हणजे मी त्याला रांगेत उभं करून आले होते. मी आईची उशी नीट करत होते. दोन दिवस माझ्या तोंडातून एक चकार शब्द गेलेला नाही. मूगराव भेटायला आला होता, त्यालासुद्धा नाही. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

आई म्हणाली, "त्याला रात्री उशी देऊ नकोस. पालथाच झोपू दे."

"लहानपणी झोपायचा तसा?" मी म्हटलं.

"लहानपणी तो कुशीवर झोपायचा. आता त्या काउंटरवरच्या बाई झोपतात तसा झोपू दे."

उशी हातात तशीच राहिली. म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

आई डोळे मिटून हसली. टाके दुखले असणार, कारण लगेच थांबली. "घरात भोंगा एकच आहे," म्हणाली.

म्हणजे आठ तारखेला, गरम वाढत वाढत, मीच. त्याने पंधरवडाभर माझ्यापासून जपलं, आणि मी त्याला ठाऊक नसताना, मला ठाऊक नसताना, ताटाशी बसून सांगून मोकळी. मला इतका राग आला, की कुणाचा आला तेच कळेना.

"मग तू त्याला येऊ नको का नाही बजावलंस?"

"बजावलं की. माझं कोण ऐकतं?" मग तिने डोळे उघडले. "हे बघ, मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. एवढे सहा दिवस तो त्या एका गोष्टीवर चालत आलाय. आईला कळू दिलं नाही, यात त्याचा जीव आहे. राहू दे."

तेवढ्यात दादा भिंत चाचपत आत आला, औषधांची पिशवी छातीशी धरून. आईला म्हणाला, "बघ, धूळ गेली डोळ्यातली बरीच." आई म्हणाली, "चेहऱ्यावरूनच दिसतंय." आणि दोघांनी एकाच वेळी मान वळवून मला खुणावलं, त्याने तिच्या नकळत आणि तिने त्याच्या नकळत, की गप्प.

मी मध्ये उभी. एका कानाला हा, दुसऱ्या कानाला ती. आईने हे जन्मभर कसं केलं असेल कोण जाणे. माझा तर पहिल्याच दिवशी जबडा दुखतोय.